थर्माकोलचं रॉकेट कधी पडत नाही

अमेरिकेतल्या हौशी रॉकेटवाल्यांची मैदानं भल्या सकाळी जागी होतात, कारण तेव्हा वारा पडलेला असतो. ताशी २० मैलांहून जोराचा वारा असेल तर उड्डाण करायचं नाही, असा त्यांच्या राष्ट्रीय संघटनेचा नियमच आहे. मैदानात उभी सळई, तिच्यावर पुठ्ठ्याची नळी आणि बाल्साचे पंख जोडलेलं हातभर रॉकेट. वात पेटवून पळायचं नाही. किमान १५ फुटांवरून, मोठ्यानं उलटी मोजणी करून बटण दाबायचं. विजेच्या तारेवर अडकलेलं रॉकेट काढायला जायचं नाही, हाही नियम.

खरी गंमत इंजिनावर छापलेली असते. ‘सी६-५’मधला ‘सी’ एकूण आवेग सांगतो, जास्तीत जास्त १० न्यूटन-सेकंद; ६ म्हणजे सरासरी सहा न्यूटन जोर आणि ५ म्हणजे इंधन जळून गेल्यावर पॅराशूट बाहेर फेकलं जाईपर्यंतचे सेकंद. हा शेवटचा आकडा गरजेपेक्षा मोठा निवडला, की रॉकेट वेगानं खाली येताना पॅराशूट उघडतं आणि फाटू शकतं.

ही इंजिनं आली कुठून? नेब्रास्कातल्या नॉरफोकमध्ये ऑर्विल कार्लाइल यांचं बुटांचं दुकान होतं, शौक दारूकामाचा. १९५४च्या सुमारास त्यांनी बदलता येणारं इंजिन बसवलेलं कागदी रॉकेट केलं. १९५७मध्ये स्पुटनिक उडालं आणि अमेरिकी पोरं नळ्यांत स्फोटकं ठासून हात भाजून घेऊ लागली. व्हाइट सँड्सच्या चाचणी तळावर काम केलेले जी. हॅरी स्टाइन यांनी कार्लाइलांची कल्पना उचलली, सुरक्षेचे नियम लिहिले. पुढे कोलोराडोच्या व्हर्न एस्टेस यांनी इंजिनं ठासणारं यंत्र बनवलं. त्याचं नाव मेबल. दारू कारखान्यानं भरायची, बाकी सगळं पोरांनी करायचं, अशी ही वाटणी. २००३पासून अमेरिकेत अशा रॉकेटांची शालेय संघांसाठी स्पर्धा होते. त्यात कच्चं अंडं उंच नेऊन न फुटता उतरवावं लागतं.

आपल्या शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात मात्र थर्माकोलचं पीएसएलव्ही रॉकेट टेबलावर उभं असतं, शेजारी पाठ केलेलं भाषण. ते रॉकेट चुकलं की बरोबर, हे ठरवणार कसं? स्फोटकांचे कायदे कडक आहेत, असावेतच. पण प्लॅस्टिकच्या बाटलीत थोडं पाणी आणि सायकलच्या पंपानं हवा भरली तरी रॉकेट उडतं, आणि पाणी किती, पंख केवढे, याचा निकाल लगेच लागतो. यंदा एका तरी गटाचे गुण मांडवाबाहेर, मैदानावर द्यावेत. पडलेल्या रॉकेटमध्ये दुसऱ्या खेपेला काय बदललं, यालाही.