पेटी आपली झाली, मग यंत्राचेच वावडे का?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपाने उद्ध्वस्त झालेल्या गावांत लोहारा तालुक्यातील सास्तूर हेही एक. आदल्याच दिवशी, अनंत चतुर्दशीला, गणरायांना निरोप दिला गेला होता. पुढे घरे उभी राहिली, शाळा उभ्या राहिल्या; परंतु गेलेल्या माणसांच्या कंठातील ओव्या कोणत्याही पुनर्वसन आराखड्यात बसणाऱ्या नव्हत्या.

आज आपल्या खेड्यापाड्यांतील शाळांच्या स्नेहसंमेलनांत काय ऐकू येते? पेनड्राइव्हवरील चित्रपटगीते आणि कानठळ्या बसविणारे ध्वनिक्षेपक! मुले गात नाहीत, वाजवीत नाहीत. परक्या सुरावर केवळ हातवारे करतात. 'कलागुणांना वाव' म्हणतात तो हाच काय?

यावर काही संस्कृतिप्रेमी थेट यंत्रालाच दोषी ठरवतात. हा निष्कर्ष साफ चुकीचा आहे. हार्मोनियम युरोपातून आली. आकाशवाणीने १९४० साली तिच्यावर घातलेली बंदी १९७१ पर्यंत टिकली. पण भजनी मंडळांनी ती पेटी आपलीशी केलीच ना? आपलेपण वस्तूच्या जन्मस्थानावर नव्हे, तिच्या उपयोगावर ठरते. जी. राज नारायण यांनी १९७९ मध्ये बंगळुरात इलेक्ट्रॉनिक तंबोरा घडविला, तो साधकाचा सोबती झाला.

मग शाळेतील संगणक केवळ माहिती भरण्यापुरता का? ध्वनिमुद्रणाची ऑडॅसिटी ही आज्ञावली २००० सालापासून विनामूल्य उपलब्ध आहे. विद्यार्थ्याने आजीची ओवी मुद्रित करावी, तिच्या मात्रा मोजाव्यात, तंबोऱ्याच्या षड्जाशी आपला सूर ताडून पाहावा, हलगीचा ठेका जोडून स्वतःची चाल बांधावी. चुकले तर पुन्हा ऐकावे. सर्जनशीलता याहून वेगळी ती काय? हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. ते कार्य शाळाशाळांतून का वाढू नये?

मात्र यंत्र गुरू होत नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार सहावी ते आठवीची पटसंख्या शंभरावर असेल, तरच अंशकालीन कलाशिक्षकाची तरतूद आहे. म्हणजे छोट्या गावाच्या मुलाला गळा असतो, कान असतात. शिक्षक मात्र नसतो! २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने कला आणि अन्य विषय यांतील भिंत पाडण्याची घोषणा केली. ती खरी करावयाची, तर दोन-चार शाळांत मिळून एक संगीतशिक्षक आणि एक ध्वनिमुद्रण संच, एवढी मागणी पालकांनी ग्रामसभेत लावून धरावी. भूकंपाने नेले ते परत येणार नाही. जे आपल्या उदासीनतेने जात आहे, ते तरी वाचवू या.