केस वाढवा, पण कैची सोडू नका

पांढुर्णा-सौंसरकडच्या पोट्ट्यांना लांब केसांचा नाद लागला आहे. लागू द्या. घरच्या मोठ्यांना एवढंच सांगणं, की त्यावरून रोज जेवताना वाद घालू नका. बाकी सगळं सांगणं पोट्ट्यांना आहे, आणि त्यातही ज्यांचे केस लहरी आहेत त्यांना. सरळ केस वाढवणं त्या मानाने सोपं.

कित्येकांची सुरुवात श्रावणात होते. आपल्याकडे अनेक घरांत श्रावणभर केसांना कैची लावत नाहीत. महिनाभरात केस भरतात, आरशात बरे दिसतात, आणि मनात येतं, आता असेच राहू द्यावेत. इथवर ठीक आहे. बिघडतं ते पुढे, कारण केस वाढवायचे म्हणजे सलूनची पायरीच चढायची नाही, असं पोट्टे धरून चालतात. चार-पाच महिन्यांत मानेवर शेपूट लोंबतं, कानांवर केस फुगतात, डोक्यावरचे मात्र धड ना लांब, ना आखूड. आई वैतागते, मामा चिडवतो, आणि एखाद्या रविवारी पोट्टा सगळं उतरवून घरी येतो. पाच महिने वाया.

हे टाळायचं असेल तर वाढीचा हिशेब समजून घ्या. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो, म्हणजे वर्षाला सहा इंचांच्या आसपास. मानेवरच्या केसाला खांद्यापर्यंत थोडंच अंतर कापायचं असतं. टाळूवरच्या केसाला मात्र कान, गाल, हनुवटी असा लांबचा पल्ला असतो. दोघांची वाढ जवळपास सारखीच, म्हणून मान आधी भरते आणि माणूस गबाळा दिसतो. उपाय साधा आहे. पहिले आठ-दहा महिने दर दीड-दोन महिन्यांनी सलूनमध्ये जायचं, मानेवरचे आणि कानाभोवतीचे केस बसवून घ्यायचे, वरच्यांना हात लावू द्यायचा नाही. वरचे केस कानांखाली आले की मग मानेवरचेही सोडायचे. खांद्यापर्यंत यायला दीड-दोन वर्षं लागतात. तेवढा दम नसेल तर नाद आजच सोडा. कापल्याने केस जोमाने वाढतात हेही खरं नाही. वाढ मुळाशी, कातडीच्या आत होते. कापण्याने आकार राहतो आणि फाटलेली टोकं निघतात, बस.

खुर्चीत बसल्यावर ‘थोडेसे कमी करा’ एवढंच म्हणू नका. प्रत्येकाचं थोडंसं वेगळं असतं. बोटाने दाखवा: इथून अर्धा इंच. आणि आधीच स्पष्ट सांगा, ‘भाऊ, वाढवतोय. मशीन लावू नका, कैचीनंच करा.’ बाजूने झिरो मशीन एकदा फिरली की त्या भागाची वाढ पुन्हा पहिल्यापासून. केस विरळ करायची दात्यांची कैचीही मुळाजवळ चालवू देऊ नका. आत आखूड राहिलेले केस वरच्या लांब केसांना ढकलतात आणि डोकं पिंजारल्यासारखं दिसतं. लहरी केस ओला असताना ताणला जातो आणि वाळला की वर चढतो. ओल्यात इंचभर कापला तर वाळल्यावर दीड इंच गेल्यासारखा वाटतो. म्हणून आधी कमीच कापायला सांगा, वाळवून बघा, लागलं तर आणखी. पुढे लांबी आली की सगळे केस एका रेषेत ठेवू नका, खाली घंटेसारखे पसरतात. लांब थर पाडायला सांगा.

फोटो दाखवायचा तर आपल्यासारख्या लहरी केसांचा दाखवा. धोनीच्या लांब केसांचं 2006 साली लाहोरला पाकिस्तानचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मुशर्रफ यांनीही कौतुक केलं होतं, पण ते केस दिसायला सरळ. तो फोटो नेला तर सलूनवाला स्मूदनिंग सुचवेल, आणि त्याचा दोष नाही, तुम्हीच मागितलं. सरळ करायच्या काही रसायनांतून गरम इस्त्री लागली की फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो; डोळे झोंबतात, घसा धरतो, आणि दिवसभर ते काम करणाऱ्या कारागिराला तर रोजचाच त्रास. शिवाय दोन महिन्यांनी मुळाकडून लहरी केस येणारच. वर लाट, खाली सरळ. ते फार वाईट दिसतं.

लाट बसवायला जेल विकत घ्यायचीही गरज नाही. आपल्याकडे जवस घरात असतो, चटणीसाठी. दोन चमचे जवस दोन कप पाण्यात मंद आचेवर आठ-दहा मिनिटं उकळा, सारखं हलवत राहा. पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं बुळबुळीत झालं की गरम असतानाच पातळ सुती कापडातून गाळा. थंड झाल्यावर गाळायला गेलात तर निघतच नाही. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं, वास आला की फेकून द्या. न्हाल्यावर केस ओले असतानाच हे दोन्ही हातांनी लावा, केस खालून मुठीत धरून वर दाबा, आणि वाळेपर्यंत हात लावू नका. वाळल्यावर कडक वाटतील. तेव्हा हलकेच चुरगाळा. कडकपणा जातो, लाट राहते. आजी विचारेल चटणीचा जवस कुठे गेला, ते तुम्ही बघा.

रोज शाम्पू नको. लहरी केसाच्या वळणांवरून डोक्याचं तेल टोकापर्यंत नीट उतरत नाही, म्हणून टोकं कोरडी पडतात. आठवड्यातून दोनदा पुरे. संत्र्याच्या बागेत धुळीत काम असेल तर तिसऱ्यांदा. शाम्पू टाळूला, कंडिशनर टोकांना. न्हाण्याआधी तास-दोन तास थोडं खोबरेल लावा. खोबरेलाने केसातलं प्रथिन कमी झिजतं, असं मुंबईच्या मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी 2003 साली दाखवलं. ही कंपनी स्वतःच खोबरेल विकते, हे लक्षात ठेवूनही निष्कर्ष पटण्यासारखा आहे. वाळलेल्या केसांत कंगवा घालू नका. ओले असताना, मोठ्या दात्यांचा, टोकांपासून वर. टॉवेलने खसाखसा पुसण्यापेक्षा जुनी बनियन घेऊन दाबून टिपा.

नागपूर किंवा बैतूलच्या रस्त्याला गाडीवर निघताना डोक्यावर बुचडा बांधू नका. हेल्मेट नीट बसत नाही. मानेपाशी सैल बांधा, आत सुती दुपट्टा घ्या. रोज घट्ट बांधले तर कपाळावरचे केस मागे सरकतात आणि नेहमी परत येत नाहीत. बोरगावच्या कारखान्यात किंवा मळणीयंत्रावर काम असेल तर केस टोपीत गेलेच पाहिजेत, तिथे फॅशन नाही. आणि गोटमारीच्या दिवशी दगडफेकीसाठी जाम नदीत उतरणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं: टाके घालायचे झाले तर डॉक्टर आधी जखमेभोवतीचे केस काढतो. घरात कुणी गेलं आणि केस द्यायची वेळ आली, तर त्या दिवशी मोठ्यांशी भांडू नका. केस पुन्हा येतात.

सलूनला पोळ्याच्या आठवड्यात जाऊ नका. श्रावण वद्य द्वादशीला नाभिक समाजाच्या संत सेना महाराजांची पुण्यतिथी, तेव्हा बरीच दुकानं बंद. मग पोळा, आणि श्रावणाचे थांबलेले सगळे एकदम रांगेत. अशा घाईत कुणी तुमची लाट बघत बसणार नाही. मधल्या वारी दुपारी जा. मानेवर वस्तरा लावण्याआधी नवं ब्लेड मागा. आणि अर्धाच इंच कापला म्हणून पैशांत घासाघीस करू नका. मशीनने दहा मिनिटांत होणारं काम तुमच्यासाठी तो कैचीने अर्धा तास करतो. पूर्ण पैसे द्या.