नाकारण्याचा अधिकार यंत्राला नको

२०२५ सालच्या जूनपासून महाराष्ट्रातील सुमारे २६ लाख ३४ हजार लाभार्थ्यांचे ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेखालील दरमहा १,५०० रुपयांचे अर्थसाहाय्य स्थगित करण्यात आले. माहिती तंत्रज्ञान विभागाने निरनिराळ्या शासकीय खात्यांकडील नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्या आणि त्या पडताळणीत जे अपात्र दिसले त्यांचे पैसे थांबले. त्यांत १४ हजारांहून अधिक पुरुष असल्याचेही सांगण्यात आले. खोटी माहिती देऊन सार्वजनिक पैसा लाटणाऱ्यांची बाजू कोणीही घेणार नाही. परंतु शासनाने उचललेल्या पावलांचा क्रम मात्र विचार करण्याजोगा आहे. आधी पैसे थांबले. जिल्हाधिकाऱ्यांमार्फत फेरतपासणी होऊन जे पात्र ठरतील त्यांचा लाभ पुन्हा सुरू होईल, हे आश्वासन मागाहून आले. शिक्षा अगोदर आणि चौकशी नंतर, असा हा न्याय झाला.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात या योजनेसाठी ई-केवायसी सक्तीची झाली. तीत अर्जदार स्त्रीच्या आधार क्रमांकाबरोबरच तिच्या पतीचा अथवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला जात होता. ज्या स्त्रीचा पती वारला आहे आणि वडीलही हयात नाहीत, तिने त्या रकान्यात काय भरावे याचे उत्तर यंत्रणेजवळ नव्हते. शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या यवतमाळ जिल्ह्यात अशा स्त्रिया शोधाव्या लागत नाहीत. अखेरीस शासनाला मुदत वाढवावी लागली, आणि अशा स्त्रियांनी मृत्यूचा दाखला वा घटस्फोटाची कागदपत्रे अंगणवाडी सेविकेकडे द्यावीत, अशी दुरुस्ती करावी लागली. यंत्राला जी बाई ओळखता आली नाही, तिला ओळखण्याचे काम शेवटी गावातल्या दुसऱ्या बाईकडेच आले.

हे प्रसंग नोंदींच्या जुळवणीचे आहेत. कृत्रिम बुद्धिमत्ता ही त्यापुढची पायरी होय आणि समाजकल्याणाच्या कामात ती आणण्याची भाषा आता सर्वत्र ऐकू येते. साध्या जुळवणीत नियम माणसाने लिहिलेला असतो. तो वाचता येतो आणि त्यावर वाद घालता येतो. नव्या यंत्रणा पूर्वीच्या लाखो नोंदी पाहून स्वतःच आडाखे बांधतात. अमुक अर्ज संशयास्पद का वाटला, हे पुष्कळदा ती यंत्रणा वापरणाऱ्या अधिकाऱ्यालाही सांगता येत नाही. पूर्वीच्या नोंदींतच अन्याय असेल, तर तो अन्याय यंत्र नियम म्हणून शिकते.

याचे परिणाम इतरत्र दिसून चुकले आहेत. शेजारच्या तेलंगणात २०१६ पासून सुमारे १९ लाख शिधापत्रिका रद्द झाल्या आणि त्या रद्द करताना प्रत्यक्ष घरी जाऊन चौकशी न होता संगणकाच्या निष्कर्षावर विसंबण्यात आले, असा आक्षेप सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०२२ च्या एप्रिलमध्ये न्यायालयाने त्या सर्व शिधापत्रिकांची प्रत्यक्ष फेरतपासणी करण्याचा आदेश दिला. त्या तपासणीत हजारो कुटुंबे मुळात पात्र असल्याचे निष्पन्न झाले. नेदरलंडसारख्या सधन देशात बालसंगोपन अनुदानाच्या प्रकरणी हजारो पालकांवर लबाडीचा शिक्का बसला. संशयाचे गणित मांडताना त्या यंत्रणेने परकीय नागरिकत्व हीच जोखीम धरली होती. कुटुंबे कर्जात बुडाली आणि २०२१ च्या जानेवारीत तेथील मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला. सुशिक्षित, संघटित समाजात हे घडू शकते, तर आपल्याकडील निराधार वृद्धेने दाद कोठे मागावी?

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता कल्याणयोजनांत दोन प्रकारच्या चुका संभवतात. अपात्र माणसाला लाभ मिळतो, किंवा पात्र माणूस वगळला जातो. शासनाचे हिशेबनीस या दोहोंना सारख्याच तराजूत तोलतात. किंबहुना पहिलीचाच बोभाटा अधिक होतो, कारण तिचा आकडा तिजोरीच्या वहीत दिसतो. दुसरीचा आकडा कोणत्याही वहीत नसतो. पहिल्या चुकीत राज्याचे काही रुपये जातात, दुसऱ्या चुकीत एखाद्या घरातील महिन्याचा किराणा, म्हातारीचे औषध किंवा मुलीची शाळा जाते. यंत्राला कोणती चूक टाळावयास सांगावे, हा प्रश्न तांत्रिक नाही. तो राजकीय आहे आणि त्याचा निर्णय निविदा भरणाऱ्या कंपनीवर सोडता येणार नाही.

महाराष्ट्राने या प्रश्नाचे एक उत्तर पूर्वी दिले होते. १९७२ च्या दुष्काळातून उभ्या राहिलेल्या आणि वि. स. पागे यांच्या प्रयत्नांनी आकाराला आलेल्या रोजगार हमी योजनेचा कायदा १९७७ साली संमत झाला व २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्या योजनेत गरिबांची यादी करण्याचा खटाटोप नव्हता. जो भर उन्हात खडी फोडावयास तयार आहे तो गरजू आहे, हे गृहीत होते. पंधरा दिवसांत काम देता आले नाही, तर बेकारभत्ता देण्याची जबाबदारी राज्यावर होती. त्या योजनेतही भ्रष्टाचार झाला, खोटी हजेरीपत्रके झाली. तथापि नागरिकाने मागावे आणि राज्याने जाब द्यावा, ही तिची दिशा योग्य होती. आजची दिशा उलटी आहे. नागरिकाने वारंवार स्वतःला सिद्ध करावे आणि राज्याने पडद्याआडून होकार-नकार द्यावा, असा हा बदल आहे.

यवतमाळ शहराला लागून असलेल्या लोहाऱ्यासारख्या ठिकाणी याचा अर्थ लवकर उमगतो. औद्योगिक वसाहतीच्या आसऱ्याने भाड्याच्या खोल्यांतून राहणाऱ्या कुटुंबाचा पत्ता बदलत असतो. बाईचे एका कागदावर माहेरचे नाव असते, दुसऱ्यावर सासरचे. वर्षानुवर्षे कापूस वेचलेल्या, धुणीभांडी केलेल्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत. यांतली प्रत्येक गोष्ट गरिबीची खूण आहे. यंत्राच्या लेखी मात्र ती विसंगती ठरते. जो जितका गरीब, तितकी त्याची कागदपत्रे विस्कळीत आणि तितका तो अधिक संशयित.

म्हणून यंत्रच नको, अशी भूमिका घेणे मात्र चुकीचे होईल. तलाठी आणि कारकून यांच्या मर्जीवर चालणारा कारभार दयाळू होता, असा आव कोणी आणू नये. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत देताना जमीन कोणाच्या नावावर, कर्ज कोणत्या बँकेचे, असे विचारून ‘अपात्र’ हा शेरा मारणारी समिती माणसांचीच होती. प्रश्न यंत्राला कोणत्या कामास लावावयाचे, एवढाच आहे.

त्याचे चांगले उदाहरण मुंबईतच आहे. ‘अरमान’ ही संस्था ‘एममित्र’ या उपक्रमाद्वारे गरोदर स्त्रियांना व तान्ह्या मुलांच्या मातांना दूरध्वनीवरून आरोग्यविषयक माहिती ऐकविते. काही स्त्रिया हळूहळू ते ऐकणे सोडून देतात. त्या कोण असतील, याचा अंदाज कृत्रिम बुद्धिमत्तेने बांधावयाचा आणि मग आरोग्यसेविकेने त्यांच्याशी स्वतः बोलावयाचे, अशी पद्धत तेथे अवलंबिली गेली. सुमारे २३ हजार स्त्रियांच्या अभ्यासात ही गळती सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाली. येथे यंत्राने कोणाचे नाव कापले नाही. जी निसटत होती तिच्याकडे माणसाला धाडले. यंत्राचा अंदाज चुकला तरी फार तर एक दूरध्वनी वाया जातो.

यवतमाळ जिल्ह्यात हे तत्त्व लावता येईल. निराधार योजनेस पात्र असूनही अर्ज न केलेल्या विधवा, पोषणाच्या नोंदींत वजन घटत चाललेली बालके, पीक बुडून कर्ज थकलेली घरे यांचा शोध घेण्यास यंत्र निश्चित साहाय्य करील. मात्र अडचणीतील घरांची ही यादी बँकेच्या वसुली विभागाच्या किंवा सावकाराच्या हाती लागली, तर मदतीचे साधन छळाचे साधन होईल. ती कोणाला पाहता येईल, हे कायद्याने बांधले गेले पाहिजे.

दुसरी अट मनुष्यबळाची आहे. यंत्राने शोधलेल्या घरी जावयाचे कोणी? ज्या अंगणवाडी सेविकांवर हा भार पडतो, त्यांना शासन अद्याप वेतन न देता मानधन देते. २०२१ साली निकृष्ट मोबाईल शासनाला परत करून त्यांना आंदोलन करावे लागले. ४ डिसेंबर २०२३ पासून त्यांचा संप पन्नासांहून अधिक दिवस चालला. आणि १ जुलै २०२५ पासून घरपोच आहार देताना लाभार्थ्याचा चेहरा यंत्राकडून ओळखवून घेण्याची सक्ती आली. झरी-जामणी किंवा मारेगावकडील कोलाम पोडावर मोबाईलला संपर्क मिळाला नाही, तर आहाराचे पाकीट हाती असूनही समोरच्या, रोज पाहिलेल्या मातेला ते देता येऊ नये, ही विटंबना आहे. सेविकेच्या ओळखीवर अविश्वास आणि यंत्राच्या ओळखीवर विश्वास, हे कोणते आधुनिकीकरण?

याकरिता काही मागण्या स्पष्टपणे मांडल्या पाहिजेत. माणसाने प्रत्यक्ष चौकशी करून सही केल्याशिवाय कोणाचाही चालू लाभ थांबवू नये. चौकशी पुरी होईपर्यंत पैसे मिळत राहावेत. नकाराचे कारण मराठीत, लेखी मिळावे. यंत्रणा कोणत्या निकषांवर चालते ते जाहीर व्हावे आणि ग्रामसभेत अथवा प्रभागात वगळलेल्यांच्या तक्रारींची जाहीर सुनावणी व्हावी. यांतले बरेचसे नवे नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा नाकारताना लेखी कारण देणे बंधनकारक आहे आणि त्यावर अपील करता येते. माहितीच्या अधिकाराच्या २००५ सालच्या कायद्यातही बाधित व्यक्तीस निर्णयाची कारणे देण्याचे कर्तव्य सांगितले आहे. ‘संगणकाने नाकारले’ हे या कायद्यांच्या अर्थाने कारणच होत नाही.

कार्यकर्त्यांचे काम येथून सुरू होते. लोहाऱ्यात, यवतमाळच्या प्रभागांत आणि तालुक्यांच्या गावी ज्यांचे पैसे, शिधा वा आहार थांबला आहे त्यांची घरोघर जाऊन नोंद करावी, प्रत्येकीचे कारण लेखी मागावे आणि मुदतीत अपील दाखल करावे. वगळलेल्यांचा जो आकडा शासनाच्या वहीत नाही, तो अशा श्रमातूनच उभा राहील. तो हाती असल्याखेरीज मंत्रालयातील कोणत्याही यंत्रणेशी वाद घालता येणार नाही.