विश्लेषण : फ्रेडी मर्क्युरीची १९८१ ची कॉन्सर्ट लोक आजही का पाहतात?

जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईत कोल्डप्लेच्या तीन कॉन्सर्ट झाल्या. तिकिटं बघता बघता संपली आणि मग तीच कैकपट दराने विकली जात असल्याच्या तक्रारी आल्या. मीरा-भाईंदरकरांना तर तिकीट मिळूनही प्रश्न होताच : रात्री नेरूळहून ठाणे, तिथून घोडबंदर रोडने घर. राहून गेलेल्यांनी २६ जानेवारीला अहमदाबादची कॉन्सर्ट मोबाइलवर लाइव्ह पाहिली.

असं लाइव्ह प्रक्षेपण लोक एकदा पाहतात आणि विसरतात. मग क्वीन या बँडची १९८१ ची कॉन्सर्ट २०२४ मध्ये थेट आयमॅक्सच्या पडद्यावर कशी आली?

ही फिल्म कोणती?

‘क्वीन रॉक मॉन्ट्रिअल’. २४ आणि २५ नोव्हेंबर १९८१ रोजी कॅनडातल्या मॉन्ट्रिअल फोरममध्ये झालेल्या दोन कार्यक्रमांचं हे चित्रण. दिग्दर्शक सॉल स्विमर. पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांच्या १९७१ च्या बांगलादेश मदत कॉन्सर्टची फिल्मही त्यांचीच.

क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी हा मूळचा फारुख बुलसारा. जन्म झांझिबारचा, कुटुंब पारशी आणि शाळा आपल्या पाचगणीची, सेंट पीटर्स. तिथेच त्याने मित्रांसोबत ‘द हेक्टिक्स’ हा बँड काढला होता.

ती टिकली कशामुळे?

पहिलं कारण तांत्रिक आहे. हे चित्रीकरण ३५ एमएम फिल्मवर झालं. फिल्मच्या निगेटिव्हमध्ये इतके बारकावे असतात की ती नव्याने स्कॅन करून आजच्या मोठ्या पडद्यावर दाखवता येते. क्वीनचा १९८५ चा ‘लाइव्ह एड’मधला कार्यक्रम याहून प्रसिद्ध आहे. पण तो टीव्हीसाठी व्हिडिओवर चित्रित झाला, त्यामुळे मोठा केला की धूसर दिसतो.

दुसरं कारण कॅमेऱ्याची जागा. स्टेडियममध्ये मागे बसलेल्याला गायक बोटाएवढा दिसतो. इथे पियानोवरची बोटं, कपाळावरचा घाम आणि सूर लावण्याआधी घेतलेला श्वासही दिसतो.

तिसरं कारण संकलन. लाइव्ह प्रक्षेपणात कोणता कॅमेरा दाखवायचा हे त्या क्षणी ठरवावं लागतं. फिल्ममध्ये दोन रात्रींमधलं उत्तम तेवढं निवडायला वेळ मिळतो.

याचा आपल्याशी काय संबंध?

मोठ्या कॉन्सर्ट आता भारतात वारंवार होतात, पण तिकिटं मोजक्यांनाच मिळतात. बाकीच्यांच्या हाती उरतात गर्दीतून मोबाइलवर काढलेल्या रील्स. कार्यक्रम नीट चित्रित करून जपला, तर तिकीट न मिळालेल्यालाच नव्हे, तेव्हा जन्मही न झालेल्यालाही तो पाहता येतो.

फ्रेडी असताना क्वीनची एकही कॉन्सर्ट भारतात झाली नाही. मॉन्ट्रिअलच्या पहिल्या रात्रीनंतर बरोबर दहा वर्षांनी, २४ नोव्हेंबर १९९१ ला, तो गेला. पाचगणीत शिकलेला हा गायक भाईंदरच्या आजच्या विशीतल्या मुलाला गाताना दिसतो, तो अशा फिल्म्समुळेच.