कफाला म्हणजे वतनच!

आखातातून सुट्टीवर आलेल्या माणसाच्या हातातलं घड्याळ वस्तीतली पोरं बघत बसतात. दोस्तांनो, मी विचारतो, त्याचा पासपोर्ट तिकडं कुणाच्या कपाटात असतो?

कुवेतसारख्या देशात कफाला चालतो. ज्याच्या व्हिसावर मजूर गेला तो त्याचा कफील. त्याला न विचारता काम सोडलं की मजूर फरार! चोरी नाही, मारामारी नाही, नुसतं काम सोडलं तरी गुन्हेगार. पासपोर्ट अडकवून ठेवायला कायद्यानं बंदी आहे, तरी मालक ठेवतातच. १२ जून २०२४ ला कुवेतच्या मंगाफमध्ये मजुरांची इमारत पेटली. एकाच इमारतीत दीडशेच्या वर माणसं कोंबलेली. चाळीसहून जास्त भारतीय मेले.

शहाणे म्हणतात, स्वखुशीनं जातात, दिनार मिळतो, मग बोंब कसली? अरे, गावचे पाटीलही हेच म्हणायचे, वतनाची जमीन दिलीय ना! त्या तुकड्यापायी आमचा बाप रात्रंदिवस गावाला बांधला गेला. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतनाविरुद्ध बिल आणलं ते तुकडा लहान होता म्हणून नव्हे, माणूस बांधला होता म्हणून.

कतारनं २०२० साली नोकरी बदलायला मालकाच्या परवानगीची अट काढली. म्हणजे काढता येते!

दिनार घ्या, तो घामाचा आहे. पण पासपोर्ट मजुराच्या खिशात पाहिजे, काम सोडायचा हक्क पाहिजे, युनियन पाहिजे. सोडून जाता येत नाही ती नोकरी नव्हे, वेठ आहे.