सवयी कोणाच्या आणि सवड कोणाला?

ऑक्टोबर महिना आला की मोठ्या शहरांतील इमारतींवर गुलाबी दिवे लागतात, छातीवर गुलाबी फिती दिसू लागतात आणि स्त्रियांना उद्देशून केलेल्या उपदेशांची एक यादी घरोघर येऊन पोहोचते. रोज चालावे, वजन आटोक्यात ठेवावे, मुलाला अंगावर पाजावे, मद्याला शिवू नये. म्हणजे स्तनाच्या कर्करोगाचा धोका कमी होतो. यांतले एकही विधान खोटे नाही. परंतु ही यादी ज्या सहजतेने वाचून दाखविली जाते, त्या सहजतेमागे एक गृहीत दडलेले असते. सवय ही ज्या त्या स्त्रीच्या हातातील गोष्ट आहे, तिने मनावर घेतले की झाले, असे ते गृहीत होय. उरण, अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या रायगडच्या किनारपट्टीवर गेल्या दोन पिढ्यांत स्त्रियांच्या जीवनात जो पालट झाला त्याकडे पाहिले, म्हणजे हे गृहीत किती लंगडे आहे ते कळून येते.

रोगाची व्याप्ती आता शंकेच्या पलीकडे गेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा रोग नव्याने जडला आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. एके काळी आपल्याकडे स्त्रियांत गर्भाशयमुखाचा कर्करोग अग्रस्थानी होता. ते स्थान आता याने घेतले आहे. महाराष्ट्रापुरते पाहावयाचे तर दोन नोंदण्या फार बोलक्या आहेत. मुंबईत १९६३ साली देशातील पहिली कर्करोग-नोंदणी सुरू झाली आणि १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे पहिली ग्रामीण नोंदणी. आरंभीच्या वर्षांत बार्शीकडच्या खेड्यांतील स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण मुंबईच्या निम्म्याहूनही कमी भरत होते. खुद्द मुंबईत पारशी स्त्रियांमध्ये, म्हणजे विवाह उशिरा आणि अपत्ये थोडी अशा समाजात, ते इतरांपेक्षा अधिक आढळले होते. एकाच राज्यातील, बव्हंशी एकाच भाषेच्या स्त्रियांमध्ये एवढे अंतर पडते ते रक्तामुळे नव्हे, राहणीमुळे, असा तर्क करणे मग भाग पडते. जपानमधून अमेरिकेत गेलेल्या कुटुंबांतील मुली-नातींमध्ये हे प्रमाण पिढीगणिक वाढत गेले, ही गोष्टही त्याच तर्काला बळकटी देते.

हा तर्क तसा जुनाच आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी रामाझिनी या इटालियन वैद्याने मठांतील जोगिणींमध्ये हा रोग विशेष आढळतो, असे नमूद करून ठेवले होते. १९२६ साली इंग्लंडमध्ये जेनेट लेन-क्लेपॉन या विदुषीने पाचशे रुग्ण स्त्रिया आणि पाचशे निरोगी स्त्रिया यांची आयुष्ये शेजारी शेजारी मांडून पाहिली. अपत्यसंख्या आणि स्तनपान यांचा या रोगाशी संबंध तिच्या कोष्टकांत स्पष्ट दिसला. २००२ साली ३० देशांतील ४७ अभ्यासांचा एकत्र हिशेब ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष असा की, प्रत्येक बाळंतपणामागे धोका सुमारे ७ टक्क्यांनी घटतो आणि आयुष्यात एकूण अंगावर पाजण्याच्या दर बारा महिन्यांमागे आणखी ४.३ टक्क्यांनी. विकसनशील देशांतील स्त्रियांइतकी अपत्ये आणि तितकेच दीर्घ स्तनपान जर श्रीमंत देशांत असते, तर तेथील शंभर स्त्रियांमागे सत्तरीपर्यंत ६.३ जणींना होणारा हा रोग २.७ जणींनाच झाला असता; आणि या घटीतील जवळजवळ दोनतृतीयांश वाटा एकट्या स्तनपानाचा असता.

आता हे आकडे घेऊन आपल्या किनाऱ्यावर यावे. हा जिल्हा कुलाबा या नावाने ओळखला जात होता (१९८१ साली त्याचे रायगड झाले), त्या काळातील कोळीण वा आगरीण कशी जगत होती? पहाटे बंदरावर लिलाव, मग डोकीवर मासळीची पाटी घेऊन गावोगाव पायपीट. पावसाळ्यात खारेपाटात गुडघाभर चिखलात भाताची लावणी. मिठागरात मिठाची वाहतूक. विहिरीचे पाणी, जंगलाची मोळी. घरात पाच-सहा बाळंतपणे आणि प्रत्येक मूल दोन-दोन वर्षे अंगावर. आजचा वैद्यकशास्त्रज्ञ ज्या-ज्या गोष्टींना ‘संरक्षक’ म्हणतो, त्या सगळ्या तिच्यापाशी होत्या. मात्र त्यांना सवयी म्हणणे ही भाषेची थट्टा होईल. ती तिची लाचारी होती. त्या संरक्षणाची किंमत तिने रक्तक्षयाने, बाळंतपणातील मृत्यूंनी आणि अकाली म्हातारपणाने मोजली. बार्शीच्या ज्या नोंदणीत स्तनाचा कर्करोग कमी दिसला, त्याच नोंदणीत गर्भाशयमुखाचा कर्करोग आघाडीवर होता. त्याच्या मागे कोवळ्या वयातील विवाह, वरचेवरची बाळंतपणे आणि दारिद्र्य उभे होते, हे विसरता येत नाही. तेव्हा ‘आपली जुनी राहणीच बरी होती’ असा जो सूर या विषयावरील भाषणांत हमखास लागतो, त्याला निदान स्त्रियांनी तरी माना डोलावू नयेत.

मुली शिकल्या, उशिरा लग्ने होऊ लागली, दोन मुलांवर संसार थांबला; हे सर्व चांगलेच झाले. या चांगल्याच्या मागोमाग धोका थोडा वाढणार, हेही मान्य करावे लागेल. प्रश्न एवढाच उरतो की, कष्टांबरोबर जे संरक्षण गेले त्यातले कोणते आपल्याला कष्टांवाचून परत मिळविता येईल?

पहिली गोष्ट शरीरश्रमाची. किनाऱ्यावरचे बैठे जीवन आता शहराइतकेच बैठे झाले आहे. न्हावा-शेव्याचे बंदर १९८९ साली सुरू झाले, थळचा खतकारखाना आला, २०२० साली मांडव्याला मोटारींसह माणसे आणणारी रो-रो बोट लागली, २०२४ साली शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू झाला. पायी जावयाचे अंतर रिक्षाने, रिक्षाचे मोटारीने तोडले जाऊ लागले. जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षिका किंवा तहसील कचेरीतील लिपिक स्त्री सकाळी स्वयंपाक उरकून एसटी वा दुचाकी गाठते, दिवसभर खुर्चीवर बसते (शिक्षिका उभी राहते, पण तेही एका जागी) आणि संध्याकाळी पुन्हा ओट्यापाशी उभी राहते. ती थकते पुष्कळ, चालत मात्र नाही. शरीराच्या दृष्टीने थकवा आणि व्यायाम या दोन भिन्न वस्तू आहेत. नियमित शारीरिक हालचाल करणाऱ्या स्त्रियांत हा धोका साधारण १० ते २० टक्क्यांनी कमी आढळतो, आणि त्यासाठी आखाडा लागत नाही. आठवड्याला अडीच तास झपाझप चालणे ही जागतिक आरोग्य संघटनेची किमान अपेक्षा आहे.

वजनाचा प्रश्न याच्याशीच निगडित आहे. ऋतुनिवृत्तीनंतर बीजकोशांतून इस्ट्रोजेन हे संप्रेरक येणे जवळजवळ थांबते; मग ते मुख्यतः चरबीच्या पेशींत तयार होते. चरबी जितकी अधिक, तितका या संप्रेरकाचा स्तनातील पेशींवरील मारा अधिक. आपल्याकडे मेद विशेषतः पोटावर साठतो. मुंबईच्या टाटा रुग्णालयातील रुग्णांवर आधारलेला जो अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला, त्यात एकूण वजनापेक्षा कमरेच्या घेराचा संबंध अधिक ठळक दिसला, आणि तोही ऋतुनिवृत्तीपूर्वीच्या व नंतरच्या अशा दोन्ही वयांत. अर्थात वजनाच्या काट्यावर समाधानकारक आकडा पाहणाऱ्या सडपातळ हातापायांच्या बाईनेही शिंप्याची टेप एकदा कमरेभोवती फिरवून पाहावी. उपवासाचा साबुदाणा आणि वेफर्स यांविषयी येथे अधिक लिहिणे धोक्याचे आहे.

पण चालावयाचे केव्हा? पहाटे पाचला उठून डबे भरणाऱ्या स्त्रीला ‘सकाळची अर्धा तास चालण्याची सवय लावा’ असे सांगणारा पुरुष बहुधा स्वतः त्याच वेळी चालावयास निघालेला असतो, आणि परतल्यावर त्याला चहा हवा असतो. जनगणनेपासून मतदारयादीपर्यंत साऱ्या कामांना शिक्षिका लागतात. त्यांच्या अर्ध्या तासाची मात्र कोणत्याही परिपत्रकात नोंद नाही. अलिबागचा समुद्रकिनारा संध्याकाळी पर्यटकांच्या घोडागाड्यांनी आणि वाहनांनी भरून जातो; गावातल्या बाईने एकटीने, निर्धास्तपणे, कोणाच्या नजरेचा विषय न होता चालावे असा दिवे असलेला रस्ता किती गावांत आहे, हा प्रश्न आरोग्य खात्याचा नसून नगरपालिका-ग्रामपंचायतींचा आहे. घरातले पाणी आणि धुणे-भांडी यांत पुरुषांनी हात घातला तर सवड निर्माण होईल, आणि सवड असेल तरच सवय लागेल.

स्तनपानाचे तेच. २०१७ साली प्रसूतिलाभ कायद्यात दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा २६ आठवड्यांची झाली आणि पन्नासांहून कमी नसलेल्या कर्मचारीसंख्येच्या आस्थापनांना पाळणाघराची सक्ती झाली. सुधारणा स्वागतार्हच. परंतु तिचा लाभ पगारपत्रकावर नाव असलेल्या स्त्रीला. मासळी विकणारी, कोलंबी सोलणारी, पर्यटकांच्या खोल्या झाडणारी स्त्री कोणत्या आस्थापनेत मोडते? तिला प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पहिल्या मुलासाठी पाच हजार रुपये मिळतात. त्यांत सहा महिन्यांची मजुरी भरून निघत नाही हे गणित शाळकरी मुलालाही सुटेल. आणि नोकरदार स्त्रीची रजा संपल्यावर, ज्या शाळेत स्वच्छतागृहाची कडी लागत नाही, तेथे तिने बाळाला पाजण्याची वा दूध काढून ठेवण्याची सोय कोठे शोधावी? बाराव्या महिन्यापर्यंत पाजण्याचा उपदेश सहाव्या महिन्यालाच भिंतीला धडकतो.

मद्याविषयी शास्त्राचे मत निःसंदिग्ध आहे. ते कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा १९८८ सालीच देण्यात आला, आणि स्तनाच्या कर्करोगाच्या बाबतीत रोज एखादा पेलाही धोका वाढवितो. किनाऱ्यावरील माडी ‘नैसर्गिक’ म्हणून तिला सवलत नाही. शरीर अल्कोहोल मोजते, नारळाचे झाड पाहत नाही. मशेरीचा संबंध मुख्यतः तोंडाच्या कर्करोगाशी आहे, पण ती सोडण्यास दुसरे कारण शोधण्याची गरज नसावी. बाकी हळद, अमुक बिया, तमुक रस यांच्या जाहिरातींना ठोस पुरावा नाही. आणि मासळीवर आमचे कितीही प्रेम असले तरी ती खाल्ल्याने हा रोग टळतो असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

एवढे सर्व पाळूनही हा रोग होतो, ही या विषयातील सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी सांगितली जाणारी गोष्ट आहे. वर दिलेल्या टक्केवाऱ्या समुदायाच्या आहेत. त्यांवरून एखाद्या स्त्रीचे भविष्य सांगता येत नाही. शंभरांतील पाच ते दहा रुग्णांत दोष जन्मतःच जनुकांतून आलेला असतो. पुष्कळांच्या बाबतीत कोणतेही ठळक कारण सापडत नाही. तरीही रोगाचे निदान झालेल्या बाईला भेटावयास आलेली माणसे ‘तू पाजले नव्हतेस ना?’, ‘नोकरीची दगदग नडली’ असे बोलून जातात. सवयींची यादी अशा रीतीने दोषारोपाचे पत्रक बनते, आणि त्याचा परिणाम फार घातक होतो. जिला आपल्यावर ठपका येईल असे वाटते, ती गाठ लपविते. ती दुखत नाही, म्हणून पावसाळा जाऊ दे, मुलीची परीक्षा होऊ दे, गणपती होऊ देत, असे करीत महिने लोटतात. गाठ लहान असताना निदान झाले तर बहुतेक स्त्रिया बऱ्या होतात. काखेत व पुढे पसरल्यावर तीच लढाई अवघड होते. धोका दहा-वीस टक्क्यांनी कमी करणाऱ्या सवयींची आपण जेवढी चर्चा करतो, तेवढी या एका सवयीची, म्हणजे गाठ लागताच सांगण्याची व दाखविण्याची, करीत नाही.

याबाबत आपल्या शेजारच्या मुंबईतच एक मोलाचा प्रयोग झाला आहे. टाटा स्मारक केंद्राने १९९८ पासून वीस वर्षे, दीड लाखाहून अधिक स्त्रियांच्या वस्त्यांत तो चालविला आणि २०२१ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. महागडी क्ष-किरण यंत्रे नाहीत, मोठे डॉक्टर नाहीत. काही आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनांची तपासणी करावयाची, एवढेच. तपासणी झालेल्या वस्त्यांत पुढच्या अवस्थांत सापडणाऱ्या रुग्णांचे प्रमाण ४७ टक्क्यांवरून ३७ टक्क्यांवर आले. सर्व वयांच्या स्त्रियांतील मृत्यूंची घट १५ टक्के दिसली, आणि ती संख्याशास्त्राच्या कसोटीस पुरेशी उतरली नाही हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पन्नाशीनंतरच्या स्त्रियांत मात्र ती घट जवळजवळ ३० टक्के होती.

केंद्र सरकारने २०१६ सालीच तीस ते पासष्ट वयाच्या स्त्रियांची अशी तपासणी गावपातळीवर करण्याची रूपरेषा आखून दिली आहे. टाटा केंद्राचे संशोधनालय व रुग्णालय तर २००२ पासून आपल्याच जिल्ह्यात, खारघरला आहे. श्रीवर्धनच्या बाईला तेथे जाऊन येण्यात एक दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे जाते. संशय नसता तिने तेथे जावे अशी अपेक्षा कोणी करणार नाही. तिच्या गावच्या उपकेंद्रात आरोग्यसेविका आहे. त्या उपकेंद्रात आतून कडी लागणारी एक खोली, एक पडदा आणि आठवड्यातून एक ठरलेला वार हवा, आणि तोही बाजाराचा वार सोडून, कारण त्या दिवशी तिची पाटी डोक्यावर असते.