मुलीचा मोबाइल काढून घेतला, म्हणजे प्रश्न सुटला?

इस्लाहे-मुआशऱ्याचा जलसा असो, जुम्याचं बयान असो की मोहल्ला कमिटीची बैठक, 'मोबाइलचा फितना' हा विषय हल्ली हमखास निघतो. तासभर तकरीर होते आणि शेवटी उपाय एकच सांगितला जातो : मुलींच्या हाती मोबाइल देऊ नका. त्याच वेळी ती तकरीर यूट्यूबवर लाइव्ह सुरू असते आणि मंडपातली निम्मी पोरं मान खाली घालून रील्स पाहत असतात. त्यांच्या मोबाइलबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

माझा आक्षेप इथेच आहे. सोशल मीडिया कोवळ्या मुलांच्या मनाचं काय करतोय, ही चिंता खरी आहे. पण त्या चिंतेच्या नावाखाली आपण इज्जतीची राखण करतोय, मनाची नव्हे. मनाची काळजी असती तर पहिला प्रश्न मुलग्यांबद्दल विचारला गेला असता.

'प्रथम' संस्थेचा 'असर २०२३' हा अहवाल ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयोगटावर आहे. २६ राज्यांतल्या २८ जिल्ह्यांत ही पाहणी झाली. स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांपैकी ४३.७ टक्के मुलग्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींमध्ये हेच प्रमाण १९.८ टक्के. हा आकडा सगळ्या समाजांचा आहे, केवळ मुसलमानांचा नाही. म्हणजे फोन हे विष असेल, तर त्याचा मोठा घोट मुलगा घेतोय. तो रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागतो, सकाळी कॉलेज बुडवतो, घरात कुणाशी धड बोलत नाही. आपण म्हणतो, 'लडका है, सुधर जाएगा.' बहिणीने मात्र मैत्रिणीला फोन लावला की घरभर चौकशी बसते.

हे यंत्र कसं चालतं, तेही समजून घ्यायला हवं. पान संपूच नये, बोट फिरवत राहावं आणि खालून नवं येत राहावं, ही सोय २००६ मध्ये अझा रास्किन या तंत्रज्ञाने घडवली. पुढे तिच्या परिणामांबद्दल त्यानेच जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला. २००९ मध्ये फेसबुकवर 'लाइक'चं बटण आलं आणि आपण किती जणांना आवडतो याची उघड मोजदाद सुरू झाली. २०२१ मध्ये फ्रान्सिस हॉगन या माजी कर्मचारी स्त्रीने फेसबुकची अंतर्गत कागदपत्रं बाहेर आणली. कंपनीच्याच पाहणीत ३२ टक्के किशोरवयीन मुलींनी सांगितलं होतं, की स्वतःच्या शरीराबद्दल वाईट वाटत असताना इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाईट वाटतं. कंपनीला हे ठाऊक होतं. ठाऊक असूनही दुकान सुरू राहिलं.

शास्त्रज्ञांमध्ये यावर वाद आहे, हेही सांगितलं पाहिजे. जोनाथन हाइट यांच्यासारखे अभ्यासक पिढीच्या अस्वस्थतेचं खापर थेट स्मार्टफोनवर फोडतात. कॅन्डिस ऑजर्स यांच्यासारख्या संशोधक म्हणतात, पुरावा इतका सरळ नाही. गरिबी, हिंसा, घरातले ताण यांच्याकडे डोळेझाक होते. मला दोघांचंही म्हणणं महत्त्वाचं वाटतं. कारण आमच्या मोहल्ल्यातलं पोर मोबाइल उघडतं, तेव्हा तुलनेचा ताण तर असतोच. त्यासोबत आणखी एक ओझं असतं, ज्याची चर्चा अमेरिकेतल्या पुस्तकांत सापडत नाही.

ते ओझं द्वेषाचं आहे. जुलै २०२१ मध्ये 'सुल्ली डील्स' आणि १ जानेवारी २०२२ ला 'बुल्ली बाई' या अ‍ॅपवर मुस्लीम स्त्रियांचे फोटो 'लिलावा'साठी लावले गेले. त्यात पत्रकार होत्या, कार्यकर्त्या होत्या. कॉलेजात जाणाऱ्या, इन्स्टाग्रामवर एखादा फोटो टाकणाऱ्या आपल्या मुलींनी हे पाहिलं तेव्हा त्यांना काय वाटलं, हे किती घरांत विचारलं गेलं? आणि दुसरी बाजूही पाहा. 'बुल्ली बाई' प्रकरणात मुंबई पोलिसांनी ज्यांना अटक केली, त्यात १८ वर्षांची एक मुलगी आणि २१ वर्षांचा इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी होता. ज्या वयात मैत्री करायची, त्या वयात ही मुलं अशा प्रकरणात आरोपी झाली. बळी आणि आरोपी, दोन्हीकडे कोवळी पोरं असावीत, याहून मोठा पुरावा कोणता हवा?

आमचे मुलगेही यातून सुटलेले नाहीत. दिवसभर आपल्याविरुद्धच्या शिव्यांचे व्हिडिओ बघायचे, रात्री त्याच रागात एखादं स्टेटस ठेवायचं. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात अशाच स्टेटसवरून दगडफेक आणि तोडफोड झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सातारा जिल्ह्यातल्या पुसेसावळीत सोशल मीडियावरच्या पोस्टवरून हिंसाचार उसळला आणि एका तरुणाचा जीव गेला. एका बोटाच्या हालचालीची किंमत अख्खी वस्ती मोजते. तरीही मुलाच्या मनात साचत चाललेल्या भीतीबद्दल, रागाबद्दल आपल्याकडे कुणी बोलत नाही. तो शांत बसला की आपल्याला वाटतं, पोरगा समजूतदार झाला.

आता मुलीकडे परत येऊ. समजा, तिचा फोटो कुणी बिघडवून पाठवला, कुणी धमकावलं. ती घरी सांगेल? नाही सांगणार. कारण तिला पक्कं माहीत आहे : आधी मोबाइल जाईल, मग कॉलेज जाईल आणि मग घाईघाईने एखादं स्थळ येईल. धमकावणाऱ्यालाही हे माहीत असतं. त्याचं खरं हत्यार तो फोटो नसून तुमच्या घरातली भीती आहे. 'मोबाइल काढून घ्या' असं सांगणारा प्रत्येक वक्ता नकळत त्याच्याच हातात हे हत्यार देतो.

आणि मूल खरंच आजारी पडलं तर? झोप उडाली, जेवण सुटलं, 'जगून काय करू' असं बोलू लागलं, तर आपल्याकडे दोन निदानं तयार असतात : नजर लागली किंवा ईमान कमजोर पडलं. मग तावीज, मग दम केलेलं पाणी. दुआ करू नका असं मी म्हणत नाही. पण ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूतल्या एरवाडीत काय झालं, ते आठवा. दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका मनोरुग्ण आश्रमाला आग लागली आणि साखळदंडाने बांधलेले २८ जण जळून मेले. घरच्यांनी त्यांना बरं होण्यासाठीच तिथे आणलं होतं. दुसरीकडे, गुजरातमध्ये उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात 'दवा-दुआ' नावाचा उपक्रम चालतो. तिथे मुजावर रुग्णाला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतात. दुआही होते, गोळीही मिळते. दर्ग्यात जे जमतं, ते आपल्या घरात का जमू नये?

काही जण म्हणतील, सरकारने बंदी घालावी. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियाची खाती बंद केली. तिथे दंड मुलांना किंवा पालकांना नाही, कंपन्यांना आहे; ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. जबाबदारी कंपनीवर टाकण्याची ही दिशा मला पटते. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती बंधनकारक केली आहे, मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवायलाही मनाई आहे. कायदा चांगला आहे. पण ज्या घरात अब्बूंचं व्हॉट्सअ‍ॅप पोरानेच सुरू करून दिलं आणि अम्मीचा पासवर्ड मुलीलाच पाठ आहे, तिथे पालकांची संमती कोण देणार? कायद्याने कंपनीला बांधावं, ही मागणी आपण केलीच पाहिजे. घराचं काम मात्र कायदा करणार नाही.

घराचं काम कसं होतं, ते सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने दाखवलं आहे. १५ ऑगस्ट २०२२ पासून या गावात रोज संध्याकाळी ७ वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत टीव्ही, मोबाइल बंद. मुलं अभ्यासाला बसतात. मला यातली मोठी गोष्ट वाटते ती ही, की नियम अख्ख्या गावाने मिळून ठरवला आणि बंद करायचं ते मोठ्यांनीही.

आपल्याला तर वेगळा भोंगा लावायचीही गरज नाही. मगरिब ते इशा हा साधारण सव्वा-दीड तास घरातल्या सगळ्यांचे मोबाइल एका ताटात ठेवा. अब्बूंचाही, भाईजानचाही. फक्त मुलीचा ठेवायचा असेल, तर ठेवूच नका. रात्री झोपताना कुणाचाच फोन उशाशी नको. तेरा वर्षांखालच्या मुलाचं खातं काढू नका. कंपन्यांचा स्वतःचाच तसा नियम आहे. आणि मोबाइल सोडून पोरांनी जायचं कुठे, याचंही उत्तर द्या. मुलग्यांना निदान नाका आहे, मुलींना तोही नाही. शादीखान्याचा हॉल आठवड्यातले चार दिवस रिकामा असतो. तिथे वाचनालय, कॅरम, बॅडमिंटन सुरू करायला कोणत्या फतव्याची गरज आहे?

जुम्याच्या बयानात आणखी एक वाक्य वाढवा : मन आजारी पडणं हा गुनाह नाही, त्याला डॉक्टर असतो. 'टेलि-मानस'चा १४४१६ हा सरकारी क्रमांक मशिदीच्या नोटीस बोर्डावर, नमाजच्या वेळांच्या तक्त्याशेजारी लिहा. तो मोफत आहे, चोवीस तास सुरू असतो आणि मराठीतही बोलता येतं.

आणि आज रात्रीच आपल्या मुलीला, मुलाला एवढं सांगा : मोबाइलवर काहीही झालं, कितीही वाईट झालं, तरी आधी माझ्याकडे ये. मी तुझा फोन काढून घेणार नाही, तुझं शिक्षण थांबवणार नाही. हे सांगण्याची आणि पाळण्याची तयारी नसेल, तर पोरांच्या मानसिक आरोग्याची काळजी वाटते, असं कृपया म्हणू नका.